सुरी लाल झाली, तर चुना कमी पडला

३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झालं. साक्षरतेचा आकडा ९९.७२ टक्के. कौतुकाचीच गोष्ट. पण सत्तरी किंवा फोंडा तालुक्यातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं शिकणं अक्षरओळखीपाशी संपत नाही. मोबाइलवरून पैसे पाठवायचे, साखर मोजायचं यंत्र वापरायचं, कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आलेला रोग ओळखायचा, सगळं या वयात नव्याने शिकायचं असतं. त्यासाठी गावात प्रशिक्षणंही होतात. पंचायतीचं सभागृह, मागे बॅनर, दोन तास भाषण, चहा-सामोसा, शेवटी फोटो. महिन्याभराने विचारलं की उत्तर ठरलेलं: "या वयात कुठे डोक्यात राहतं हो!"

वयावर खापर फोडणं सोयीचं असतं. शिकवणाऱ्याचीही त्यात सुटका होते. स्मरणशक्तीवरचं संशोधन बघितलं, तर मला तरी दोष त्या दोन तासांत जास्त दिसतो.

पोफळीवरच्या कोळेरोगाचंच घ्या. पावसाळ्यात कोवळ्या सुपाऱ्या कुजून गळतात. त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) पन्नास लिटर पाण्यात विरघळवायचं, एक किलो कळीचा चुना वेगळ्या पिंपात पन्नास लिटर पाण्यात कालवायचा, आणि मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळत राहायचं. उलट ओतायचं नाही. पिंपं प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची चालत नाहीत. शेवटी एक परीक्षा: घासून लखलखीत केलेली लोखंडी सुरी मिश्रणात क्षणभर बुडवायची. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, म्हणजे चुना कमी पडला. तसंच फवारलं तर पानं-फळं करपतात. आणखी चुना घालायचा, सुरी पुन्हा बुडवायची. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

आता हे सगळं पडद्यावर बघून पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षात राहील? ऐकताना सोपं वाटतं, मान डोलते, आणि तिथेच फसगत होते. २०१८मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लोकांना टेबलावरची भांडी न पाडता खालचं कापड झटक्यात ओढायची करामत व्हिडिओवर दाखवली. ज्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, त्यांचा आत्मविश्वास भरपूर वाढला. हातातलं कसब होतं तिथेच राहिलं. व्हॉट्सअॅपवर शेतीचे व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे लागू पडतं.

शिकलेलं टिकतं ते आठवून काढण्याने. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने कागद बंद करून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं: लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. ती कॉलेजची मुलं होती हे खरं, पण आठवून बघण्याचा हा फायदा नंतर वयस्कर माणसांतही दिसला आहे. तेव्हा "समजलं ना?" असं सभेला विचारण्यापेक्षा "काका, आता तुम्ही करून दाखवा, मी गप्प बसतो" हे जास्त कामाचं. काका चुना आधी की मोरचूद, यावर अडतील. अडू द्यावं. ते डोक्याला ताण देणंच उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट उजळणीच्या अंतराची. २००८च्या एका मोठ्या अभ्यासात हजारांहून जास्त लोकांना माहिती दोनदा शिकवून, मधलं अंतर बदलून पाहिलं. जवळजवळ वर्षभर लक्षात ठेवायचं असेल, तर दोन वेळांमध्ये सुमारे तीन आठवडे सोडणं सर्वांत फायद्याचं ठरलं. अंतर थोडं वाढलं तर नुकसान कमी, फार जवळजवळ उजळणी केली तर जास्त. आता योगायोग बघा: कोळेरोगाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप बघून. उजळणीची तारीख पोफळीनेच ठरवून ठेवली आहे. प्रशिक्षण देणाऱ्याने फक्त मेमध्ये फोटो काढून न थांबता जुलैमध्ये परत यायचं.

आणि मेंदूचं काय? लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचं स्कॅनिंग केलं. निष्कर्ष २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी वय तिशीचं. सहा महिन्यांत त्या पहिलीच्या मुलांइतपत वाचू लागल्या, आणि मेंदूच्या पृष्ठभागाशीच नव्हे, तर पार आत, थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभापर्यंत जोडण्या बदललेल्या दिसल्या. साठीत हे तितक्याच वेगाने होईल असं मी म्हणणार नाही. वयानुसार मेंदूचा वेग खरोखर मंदावतो, एका वेळी डोक्यात धरता येणाऱ्या गोष्टी कमी होतात. पण शब्दसंग्रह आणि अनुभवाचा साठा बराच काळ वाढत राहतो. तीस वर्षं कुळागर सांभाळलेल्या माणसाला नवी माहिती अडकवायला खुंट्या भरपूर असतात. एका बैठकीत एकच गोष्ट सांगा, एवढंच.

बरेचदा तर डोक्याचा प्रश्नच नसतो, डोळ्यांचा असतो. चाळिशीनंतर भिंगाची लवचीकता जाते, जवळचं अंधुक होतं. बचत गटातली काकी "मला नाही जमत गो" म्हणून फोन सुनेकडे देते, कारण तिला पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत, आणि ते चारचौघांत सांगायला ती लाजते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीवरच्या मजुरांना जवळचं बघायचे साधे चश्मे दिले, तेव्हा चश्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचं काम सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. हा अभ्यास २०१८चा, ७५१ मजुरांवरचा. पुढच्या प्रशिक्षणाच्या खर्चात बॅनरऐवजी तयार चश्म्यांचा एक डबा धरला, तर मागच्या खुर्च्यांवर बसणारी माणसं आपणहून पुढे सरकतील. कृषी औषधांच्या पाकिटांवर मात्रा आणि धोक्याच्या सूचना किती बारीक अक्षरांत छापलेल्या असतात, हे एकदा दुकानात उचलून बघा.