नागपूर परिसरातील हिमनदीय निक्षेप

नागपूर परिसरातील हिमनदीय निक्षेप : नागपूर जिल्ह्यात आणि त्याच्या दक्षिणेस वर्धा–पैनगंगा खोऱ्यात गोंडवनी संघाच्या (भारतातील कोळसायुक्त गाळाच्या खडकांच्या जुन्या मालिकेच्या) अगदी तळाशी आढळणारे, हिमनद्यांनी व त्यांच्या पुढ्यातील सरोवरांनी साचविलेले खडक. भूवैज्ञानिक त्यांना तालचेर शैलसमूह म्हणतात. ओडिशातील तालचेर येथे हे खडक प्रथम ओळखले गेले, म्हणून हे नाव. आज उन्हाळ्यात ४५ अंश से.च्या पुढे जाणाऱ्या या प्रदेशाची जमीन एके काळी बर्फाखाली होती, याचा प्रत्यक्ष पुरावा या निक्षेपांत आहे. त्या पुराव्यातील सर्वांत मोलाचा भाग नागपूरपासून दीडशेएक किमी. दक्षिणेला, चंद्रपूर भागात पैनगंगेच्या पात्रात आहे.

स्थान व क्रम : नागपूरच्या भूगर्भातील खडकांचा क्रम खालून वर पुढीलप्रमाणे लागतो. सर्वांत खाली आर्कीयन व त्यानंतरच्या काळातील पट्टिताश्म (नाइस) आणि सौसर गटाचे खडक; दक्षिणेस चंद्रपूर–यवतमाळकडे त्यांच्या जोडीला पैनगंगा गटाचे चुनखडक. त्यांच्यावर विसंगतपणे (मध्ये मोठ्या कालखंडाचा खंड पडून) तालचेर, त्यावर कोळसायुक्त बाराकार, मग कामठी वालुकाश्म, लॅमेटा आणि शेवटी सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे दक्षिण ट्रॅपचे लाव्हाथर. शहराच्या पश्चिमेस ट्रॅपचे आवरण आहे, पूर्वेस जुने स्फटिकी खडक उघडे पडले आहेत, आणि या दोहोंच्या मधला गोंडवनी पट्टा बराचसा काळ्या मातीने व नद्यांच्या गाळाने झाकला गेला आहे. शिवाय विभंगांमुळे (खडकांतील तुटींमुळे) गोंडवनी थर ठिकठिकाणी खाली खचले आहेत. त्यामुळे नागपूर जिल्ह्यात तालचेर खडकांचे दृश्यांश (जमिनीवर उघडे दिसणारे भाग) थोडे आहेत, आणि कामठी व उमरेड या कोळसाक्षेत्रांतील त्यांची माहिती मुख्यतः बोअरमधून निघालेल्या खडकांच्या दंडांवरूनच मिळते.

खाणव्यवसायात या खडकांना वेगळेच महत्त्व आहे. कोळशाचे थर बाराकारमध्ये असतात, तालचेरमध्ये नसतात. म्हणून कोळशाच्या शोधासाठी घेतलेल्या बोअरमध्ये हिरवट तालचेर शेल (पापुद्र्यांचा मातकट खडक) लागला की कोळशाचा तळ आला असे समजून काम सहसा थांबवितात.

खडकांचे स्वरूप : तालचेर शैलसमूहाचा तळाचा भाग म्हणजे गोलाश्म थर. बारीक, हिरवट-करड्या मातकट आधारकात (दगडांना धरून ठेवणाऱ्या गाळात) लहान खड्यापासून मीटरभर वा त्याहूनही मोठ्या व्यासापर्यंतचे दगड कोणत्याही प्रतवारीविना रुतलेले असतात. वाहते पाणी गाळ साचविताना आकारमानानुसार त्याची निवड करते. येथे तशी निवड मुळीच दिसत नाही. दगडांत ग्रॅनाइट, पट्टिताश्म, क्वॉर्ट्‌झाइट, चुनखडक असे नाना प्रकार असतात आणि त्यांपैकी काही त्या जागेच्या तळखडकाशी जुळत नाहीत, म्हणजे ते दुरून आलेले असतात. काही दगडांच्या एकदोन बाजू घासून सपाट झालेल्या असून त्यांवर समांतर ओरखडे असतात.

गोलाश्म थराच्या वर हिरवट वालुकाश्म आणि ऑलिव्ह-हिरवे ते खाकी रंगाचे शेल येतात. उघड्यावर पडलेल्या या शेलचे लांबट, अणकुचीदार तुकडे होतात. ‘सुई-शेल’ या नावाने ते ओळखले जातात. वालुकाश्मांतील फेल्स्पार या खनिजाचे कण बहुधा ताजे, न कुजलेले असतात. उष्ण व दमट हवेत फेल्स्पारची लवकर माती होते. ते टिकून राहिले याचा अर्थ रासायनिक अपक्षय अतिशय मंद होता. थंड हवामानाचा हा अप्रत्यक्ष पण चांगला पुरावा मानला जातो.

उत्पत्तीचा वाद : या निक्षेपांच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ चर्चा त्यांच्या उत्पत्तीविषयी झाली. १८५६ मध्ये विल्यम टी. ब्लॅनफर्ड, त्यांचे बंधू हेन्री एफ. ब्लॅनफर्ड आणि विल्यम थिओबाल्ड यांनी तालचेर कोळसाक्षेत्राचे वर्णन करताना गोलाश्म थराच्या निर्मितीत बर्फाचा हात असावा, असे मत मांडले. उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फ होता, हे विधान त्या काळी धाडसाचेच होते. त्यांनीही थेट हिमनदीचा दावा केला नाही. नदीच्या वा सरोवराच्या तळाशी गोठणारा बर्फ दगडांना चिकटतो, त्यांना उचलून तरंगत नेतो आणि वितळला की खाली सोडतो, अशा सौम्य स्पष्टीकरणाकडे त्यांचा कल होता.

मातीत दगड रुतलेले आहेत एवढ्यावरून हिमनदी सिद्ध होत नाही, ही त्यांची सावधगिरी आजही योग्य वाटते. उतारावरून घसरत येणारा चिखल असाच सरमिसळ थर तयार करतो. घसरण्यात दगड एकमेकांवर घासून ओरखडेही उमटतात. नुसत्या सारखेपणावर विसंबल्याने काय होते याचे उदाहरण हिमालयात आहे. सिमला भागातील ब्लेनी गोलाश्म थर बराच काळ तालचेरचे समकालीन मानले जात. आता ते कोट्यवधी वर्षांनी जुने, कँब्रियन-पूर्व काळातील मानतात.

वादाला निर्णायक वळण चंद्रपूर भागात मिळाले. वर्धा–पैनगंगा संगमाजवळ, पैनगंगेकाठी इरई नावाच्या गावापाशी (चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी वेगळी) तालचेर गोलाश्म थर थेट पैनगंगा चुनखडकावर टेकलेला आहे. नदीने वरचा थर धुऊन नेला तेथे चुनखडकाचा पृष्ठभाग गुळगुळीत, झिलई चढलेला असून त्यावर परस्परांना समांतर असे ओरखडे व खाचा दिसल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. विशेष म्हणजे त्यांच्या लेखाच्या शीर्षकातही ‘तळबर्फ’ (तळाशी गोठणारा बर्फ) हीच कल्पना होती. पुरावा हिमनदीचा हाती आला तरी स्पष्टीकरण काही काळ जुनेच राहिले.

इरईच्या पुराव्याचे वजन कशात आहे ते नीट पाहिले पाहिजे. येथे ओरखडे सुट्या दगडांवर नसून जागच्या जागी असलेल्या तळखडकावर आहेत. ते परस्परांना समांतर आहेत, आणि त्यांच्यावर लगेच गोलाश्म थर आहे. तरंगता बर्फ तळाला अधूनमधून खरवडतो. त्याचे ओरखडे वेडेवाकडे, तुटक असतात आणि सलग झिलई त्याने क्वचितच येते. चिखलाच्या लोंढ्याने कठीण चुनखडक असा एकसारखा घासला जाणेही अवघड. तळाशी दगडगोटे गोठवून घेऊन जमिनीवरून सरकणाऱ्या जाड बर्फालाच हे काम साधते. चुनखडकाचा बारीक पोत आणि त्याची मध्यम कठिनता यांमुळे त्यावर रेघा स्पष्ट उमटल्या, आणि वर लगेच पसरलेल्या गोलाश्म मृत्तिकेने त्या झाकून ठेवल्यामुळे टिकल्या. १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी या जागेचा अवसादवैज्ञानिक (गाळाच्या खडकांच्या अभ्यासाच्या) दृष्टीने पुन्हा अभ्यास करून जमिनीवरील हिमनदीचाच निष्कर्ष काढला, आणि तो आज सामान्यतः मान्य आहे. ओरखडे असलेले मूळचे हिमनदीतळ भारतात फार कमी ठिकाणी दिसतात. त्या दृष्टीने नदीकाठचा हा छोटासा दृश्यांश विदर्भातील कोणत्याही पुरातन वास्तूइतकाच जपण्याजोगा आहे.

सरोवर की समुद्र : गोलाश्म थराची उत्पत्ती मिटली तरी वरच्या शेलचा प्रश्न उरतो. हे थर अतिशय पातळ पट्ट्यांचे असतात; भरड व बारीक गाळाच्या जोड्या एकावर एक रचलेल्या दिसतात. उन्हाळ्यात बर्फ वितळून येणारा जाडसर गाळ आणि हिवाळ्यात पाणी गोठल्यावर संथपणे निवळणारी माती, अशी एका वर्षाची एक जोडी, असे पारंपरिक स्पष्टीकरण आहे. बारीक पट्ट्यांत मध्येच एखादा मोठा दगड बसलेला आणि त्याच्या भाराने खालच्या पट्ट्या दबलेल्या आढळतात. तरंगत्या हिमखंडातून सुटून तो तळाशी पडलेला असतो. म्हणजे ब्लॅनफर्ड बंधूंची तरंगत्या बर्फाची कल्पना पूर्णपणे चुकीची नव्हती. वरच्या थरांना ती लागू पडते, तळाच्या थराला नाही.

हे पाणी गोडे होते असे फार काळ गृहीत धरले जात होते. १९२१ मध्ये मध्य भारतातील उमरिया येथे आणि नंतर मनेंद्रगढ येथे (दोन्ही सोन–महानदी भागात) समुद्री कवचधारी प्राण्यांचे जीवाश्म सापडल्याने ते गृहीत डळमळले. मनेंद्रगढच्या युरिडेस्मा या शिंपल्यासारखे जीव ऑस्ट्रेलियातील व पाकिस्तानातील मिठाच्या डोंगरातील (सॉल्ट रेंज) थंड पाण्याच्या थरांतही आहेत. यावरून काही अभ्यासक तालचेर काळाच्या अखेरीस बर्फ वितळून समुद्राची पातळी वाढली व त्याचे फाटे खोऱ्यांत शिरले, असे मानतात. प्रत्येक पट्टेदार जोडी वार्षिकच असते असेही आता धरले जात नाही, कारण गढूळ प्रवाहांनीही तशा जोड्या बनतात. वर्धा खोऱ्याला मात्र सोन–महानदी भागातील निष्कर्ष जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. येथील थरांसाठी हिमनदीच्या पुढ्यातील सरोवर हे स्पष्टीकरण अधिक साधे आणि पुरेसे वाटते.

काळ : जुन्या ग्रंथांत तालचेरचा काळ उत्तर कार्बॉनिफेरस असा दिलेला असतो. परागकण व बीजाणूंचा अभ्यास आणि वर उल्लेखिलेले समुद्री जीवाश्म यांच्या आधारे सध्या तो बहुधा पर्मियनच्या आरंभीचा, म्हणजे असेलियन ते साकमारियन (सु. २९·९ ते २९ कोटी वर्षांपूर्वी) मानतात. तळाचा गोलाश्म थर सर्वत्र एकाच वेळी साचला असेल असे नाही. काही खोऱ्यांत त्याची सुरुवात थोडी आधीची असू शकेल. तालचेरच्या वरच्या भागात पॅरासॅकाइट्स व प्लिकॅटिपोलेनाइट्स यांसारखे परागकण आणि गँगॅमोप्टेरिस वनस्पतीची पाने मिळतात. बर्फ मागे हटताच उजाड जमिनीवर आलेली ही पहिली वनस्पती होय. पुढे बाराकार काळात ग्लॉसोप्टेरिसची दाट वने वाढून त्यांचाच कोळसा झाला. नागपूर भागातील गोंडवनी वनस्पतींचे जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप (मृत्यू १८६३) यांनी गोळा केले होते आणि चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये त्यांचे वर्णन केले. नागपूरच्या भूविज्ञानावरील हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांचा लेख १८५५ चा, विल्यम ब्लॅनफर्ड यांचा सविस्तर वृत्तांत १८७२ चा आणि वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावरील टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा अहवाल १८७७ चा आहे.

व्यापक संदर्भ : याच सुमाराचे हिमनदीय थर दक्षिण आफ्रिकेत (ड्वायका), ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये (इतारारे) व अंटार्क्टिकात आहेत. हे भूभाग आजच्या जागी होते असे मानले तर बर्फ विषुववृत्तालगत होता असे म्हणावे लागते, जे पटण्यासारखे नाही. आल्फ्रेड व्हेगेनर यांनी १९१२ पासून मांडलेल्या खंडविप्लव (खंडे सरकतात या) कल्पनेत या थरांना मध्यवर्ती स्थान मिळाले ते यामुळेच. गोंडवनभूमी (भारत व दक्षिणेकडील खंडे यांचा तेव्हाचा एकसंध भूभाग) तेव्हा दक्षिण ध्रुवाभोवती होती आणि मध्य भारत उच्च दक्षिण अक्षवृत्तांत होता. सगळ्या गोंडवनभूमीवर एकच अखंड हिमस्तर होता, या जुन्या चित्राऐवजी आता उंच प्रदेशांवरील अनेक हिमकेंद्रे वेगवेगळ्या काळी वाढली-घटली, या मताला अधिक पाठिंबा आहे.

अलीकडचे हिमयुग व तलावकाठ : प्लाइस्टोसीन काळातील हिमयुगांत विदर्भात हिमनद्या नव्हत्या. सु. २०,००० वर्षांपूर्वी थंडीचा कळस झाला तेव्हा येथे मोसमी पाऊस दुबळा झाला. वर्धा, कन्हान, वैनगंगा यांच्या काठांवरील जुना गाळ नद्यांचाच आहे. नागपूरचे अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा आणि रामटेकजवळचा खिंडसी हे तलाव बांध घालून केलेले असून हिमनदीशी त्यांचा संबंध नाही. शहराच्या पश्चिम भागातील तलावांकाठी व टेकड्यांवर दिसणारे गोलसर काळे दगड हे बेसाल्टच्या गोलाभ अपक्षयाने बनलेले असतात. सांध्यांतून पाणी शिरून खडकाचे कांद्याप्रमाणे पापुद्रे सुटतात आणि आतला गाभा गोल उरतो. असे सगळे दगड एकाच खडकाचे असतात, त्यांवर घासलेल्या सपाट बाजू नसतात, आणि भोवतालची माती त्यांच्याच झिजेतून आलेली असते. तालचेर गोलाश्म ओळखताना या तिन्ही गोष्टी तपासून पाहाव्या लागतात.