गरीब मातीचं रान आणि फिरायला आलेला कुत्रा

लंडनपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर, सर्रे, बर्कशर आणि हॅम्पशर या परगण्यांत रेताड माळांचे तुकडे विखुरलेले आहेत. तिथे त्यांना हीथ म्हणतात. ऑगस्टमध्ये हेदर नावाच्या बुटक्या झुडपाच्या बारीक फुलांनी हे माळ जांभळे होतात, आणि काही ठिकाणी माळाला लागूनच शेकडो वर्षांची जुनी झाडी सुरू होते. भोवती ब्रॅकनेल, कॅम्बर्ली, वोकिंग, स्लाऊ अशी भराभर वाढलेली गावं आहेत. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबंही या पट्ट्यात भरपूर. सकाळ-संध्याकाळ माळावर येणाऱ्यांत कुत्रा फिरवणाऱ्यांची गर्दी सगळ्यात मोठी असते. त्यांना रानाचं प्रेम नाही असं कोणी म्हणू नये. पावसात, थंडीत, अंधार पडल्यावरही रोज रानात जाणारा माणूस बहुधा कुत्र्यामुळेच जातो. पण कुत्रा तिथे नेमकं काय करतो, काय सोडून येतो, याचा शास्त्रज्ञांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जो माग काढला आहे, तो प्रत्येक कुत्रेवाल्याने समजून घ्यावा असा आहे.

आधी माळ समजून घेऊ. हीथ ही निसर्गाने एकट्याने घडवलेली गोष्ट नाही. ब्राँझयुगापासून माणसाने या रेताड जमिनीवरची झाडी तोडली, गुरं चारली, सरपणासाठी हेदर आणि वरच्या मातीचे थर कापून नेले. हजारो वर्षं जमिनीतून नुसतं काढून नेणं चाललं, परत कोणी काही घातलं नाही. उरलं ते पावसाने धुऊन खाली गेलं. माती आम्ल झाली, नत्र आणि फॉस्फरस जवळजवळ संपले. या उपासमारीत टिकून राहणं हेदरला जमतं, कारण त्याच्या केसाएवढ्या मुळांत राहणारी बुरशी कुजलेल्या पाल्यातून उरलासुरला नत्र ओढून त्याला देते. गवताला ते जमत नाही, म्हणून गवत मागे राहतं. अशा जमिनीला खत मिळालं की चित्र पालटतं. गवत उसळतं, हेदरच्या वर जातं आणि त्याचा उजेड अडवतं. कारखाने, वाहनं आणि पशुपालनातून हवेत गेलेला नत्र खाली उतरल्यामुळे नेदरलँड्समधल्या कितीतरी हीथांचं असंच गवताळ कुरण झालं.

शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर ही जमीन टाकाऊ. माझ्या मते तिचं सारं वैभव त्या टाकाऊपणातच आहे. सुपीक जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पती युरोपात कुठेही मिळतात. गरिबीवर जगणाऱ्यांना मात्र जागाच उरलेली नाही. इंग्लंडमधले सखल भागातले ८० टक्क्यांहून जास्त हीथ १८०० सालानंतर नाहीसे झाले.

आता कुत्र्याकडे वळू. माळावर चरणारी गाय माळावरचंच खाते आणि माळावरच शेण टाकते. जमिनीचा हिशेब फारसा बदलत नाही. कुत्र्याचं खाणं माळावरचं नसतं. त्याच्या वाडग्यातलं मांस आणि धान्य कुठल्या तरी दूरच्या शेतातून आलेलं असतं, ते तो घरी खातो आणि रानात येऊन मोकळा होतो. म्हणजे प्रत्येक फेरीत बाहेरचं थोडं खत या उपाशी जमिनीत येऊन पडतं.

हे थोडं म्हणजे किती? बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या चार राखीव रानांत संशोधकांनी दीड वर्ष कुत्रे मोजले. २०२२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंदाजाने कुत्र्यांच्या शी आणि लघवीतून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत जातो. हवेतून उतरणाऱ्या ज्या नत्रामुळे युरोपभर रानांची काळजी केली जाते, त्याच्याशी तुलना व्हावी इतका हा आकडा मोठा आहे. त्याच रानांत कोणी पोतं आणून खत टाकू लागलं तर त्याला अडवतील.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सगळे कुत्रे पट्ट्यावर, म्हणजे मालकाच्या हातातल्या दोरीला बांधून ठेवले तर रानाचा आतला भाग वाचतो, पण सगळं खत पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्टीत साठतं. त्या पट्टीत दर हेक्टरी १७५ किलो नत्र आणि ७३ किलो फॉस्फरस पडेल असं गणित निघालं. एवढं खत तर पिकाच्या शेतालाही भरपूर झालं. शी उचलली तर काय होतं, हेही त्यांनी पाहिलं. फॉस्फरस ९७ टक्क्यांनी घटतो, नत्र मात्र ५६ टक्क्यांनीच. कारण साधं आहे. फॉस्फरस जवळजवळ सगळा शीमध्ये असतो, तर नत्राचा मोठा वाटा लघवीतून जातो आणि लघवी पिशवीत भरून नेता येत नाही.

म्हणूनच पिशवीचं महत्त्व शहरातल्या फुटपाथपेक्षा रानात जास्त आहे. पुष्कळ लोक याच्या उलट समजतात. 'रानात काय, कुजून जाईल की' असं म्हणतात. कुजतं हे खरं, पण कुजल्यावर त्यातला फॉस्फरस जात नाही. नत्राचा काही भाग हवेत उडतो, काही पाण्याबरोबर वाहून जातो. फॉस्फरस मातीच्या कणांना धरून बसतो. किती काळ, याचं उत्तर फ्रान्समधल्या ट्रॉन्से या प्रसिद्ध ओकच्या जंगलात मिळालं. त्या जंगलात रोमन काळातल्या वस्त्यांचे अवशेष सापडतात. वस्त्या उठल्या आणि वर जंगल वाढलं. तरीही अवशेषांच्या आसपासच्या मातीत आज जास्त फॉस्फरस आहे, आणि तिथे उगवणाऱ्या वनस्पतीही बाकीच्या जंगलापेक्षा वेगळ्या आहेत. संशोधकांनी हे २००७ मध्ये मांडलं, म्हणजे रोमन शेती संपल्यानंतर दीड हजारांहून जास्त वर्षांनी. हेदरच्या माळावर साठलेला फॉस्फरस काढायचा तर मातीचा वरचा थरच खरवडून गाडीत भरून न्यावा लागतो. नेदरलँड्समध्ये ते करावं लागलं आहे.

कुत्र्यांच्या वर्दळीच्या वाटेवर जुन्या झाडाजवळ जरा वाकून बसा, हे सगळं डोळ्यांनी दिसेल. खोडावर वरच्या बाजूला करड्या, फिकट हिरव्या दगडफुलांचे नाजूक ठिपके असतात. जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात ते गायब होतात आणि तिथे गडद हिरव्या शैवालाचा थर दिसतो. हे शैवाल नत्रावर पोसतं. दगडफुलांचे अभ्यासक खोडाच्या या भागाला कुत्र्यांचा पट्टाच म्हणतात. वाटेच्या कडेला खाजऱ्या नेटलची रांग लागली असेल तर तीही फॉस्फरसची खूण. अशा पट्ट्यातलं झाड साधं असेल तर फार बिघडत नाही. पण लंडनच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या बर्नहॅम बीचेसमध्ये शेकडो वर्षांचे बीच आणि ओक हे वृक्ष उभे आहेत. पूर्वी सरपणासाठी त्यांच्या फांद्या माणसाच्या डोक्याच्या वर, गुरांचं तोंड पोहोचणार नाही अशा उंचीवर पुन्हापुन्हा छाटत. त्यामुळे ती बुटकी, गाठाळ, पोकळ झाली आणि खूप जगली. त्यांच्या मुळांशी असलेली बुरशी नत्र वाढला की बदलते. इंग्लंडमध्ये १६०० पासून सलग जंगल राहिलेल्या जागेला प्राचीन जंगल म्हणतात. अशा मातीतलं बुरशीचं हे जाळं नवी झाडं लावून परत येत नाही.

खताचं हे काम हळू चालतं. पक्ष्यांचं नुकसान एका मिनिटात होऊ शकतं.

मे महिन्यात आफ्रिकेतून रातवा या माळांवर येतो. तो घरटं बांधत नाही. हेदरच्या झुडपांमधल्या मोकळ्या जमिनीवर मादी दोन अंडी घालते आणि त्यांवर दिवसभर निश्चल बसते. पिसांचा रंग असा की दोन हातांवरूनही पडलेल्या सालीचा तुकडा वाटावा. आपल्याकडच्या माळांवरचा रातवाही असाच बसतो. डोळ्यांनी शिकार शोधणाऱ्यांपुढे ही युक्ती उत्तम चालते. कुत्रा नाकाने शोधतो. तो जवळ आला की रातवा शेवटच्या क्षणी उडतो आणि अंडी उघडी पडतात. कुत्रा त्यांना तोंडही लावत नसेल, पण वरून डोमकावळा पाहत असतो. इंग्लंडच्या दक्षिणेतल्या माळांवरच्या अभ्यासात वाटांजवळची रातव्याची अंडी-पिल्लं जास्त वाया गेल्याचं दिसलं. वुडलार्क हा चंडोलाचा भाऊबंदही जमिनीवरच अंडी घालतो. डार्टफर्ड वटवट्या गॉर्सच्या काटेरी झुडपात, पण जमिनीलगतच राहतो. म्हणूनच इंग्लंडच्या कायद्याने खुल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्र्याला दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावर ठेवणं बंधनकारक केलं आहे.

पट्टा असला की पक्ष्यांना काहीच वाटत नाही, असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या रानात बँक्स आणि ब्रायंट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पट्ट्यावरचे कुत्रे वाटेवरून नेले. पक्ष्यांच्या जातींची संख्या ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली. नुसती माणसं चालली तेव्हा परिणाम साधारण याच्या निम्म्याहून कमी होता. आणि जिथे रोज कुत्रे येतात तिथल्या पक्ष्यांनाही त्याची सवय झालेली नव्हती. कुत्रा कितीही गुणी असो, पक्ष्याच्या लेखी तो शिकारीच.

तिसरी गोष्ट अगदी अलीकडे कळली. पिसवांवर औषध म्हणून कुत्र्याच्या मानेवर जे थेंब टाकतात, त्यांत अनेकदा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं असतात. इमिडाक्लोप्रिड शेतात उघड्यावर वापरायला युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली, कारण ते मधमाश्यांना घातक आहे. कुत्र्यांवरचा वापर सुरू राहिला. मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या एका मात्रेत ते २५० मिलिग्रॅम असतं, आणि एका मधमाशीला मारायला साधारण चार नॅनोग्रॅम पुरतात. हिशेब केला तर सहा कोटी मधमाश्या होतात. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर कुत्रे ज्या तळ्यांत पोहतात त्या पाण्यात ही औषधं सापडली. याचा निबंध २०२४ मध्ये आला. २०२५ मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्ल्यू टिट आणि ग्रेट टिट या पक्ष्यांची १०३ घरटी तपासली. हे पक्षी घरट्याला केसांचं अस्तर लावतात, आणि कुत्र्यामांजरांचे गळलेले केस त्यांना सहज मिळतात. फिप्रोनिल एकूण एक घरट्यात निघालं. ज्या घरट्यांत कीटकनाशकं जास्त, त्यांत मेलेली पिल्लं आणि न फुटलेली अंडीही जास्त होती. मला हे वाचून सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण ही मात्रा आपण प्रेमाने आणि काळजीने देतो. पिसवा नसताना दर महिन्याला सवयीने थेंब टाकायची खरंच गरज आहे का, हे आपल्या पशुवैद्यकाला विचारावं. औषध लावल्यावर कुत्र्याला तळ्यात सोडू नये, आणि विंचरलेले केस बागेत न टाकता कचऱ्याच्या डब्यात टाकावेत.

मग रानात कुत्रा न्यायचाच नाही का? बर्नहॅम बीचेस १८८० पासून लंडन शहराच्या कॉर्पोरेशनकडे आहे. तिथे २०१४ च्या डिसेंबरपासून रानाचे भाग पाडले. मोठ्या भागात कुत्रा पट्ट्यावर, उरलेल्या भागात मालकाच्या ताब्यात असेल तर मोकळा. पण मला टेम्स खोऱ्यातल्या हीथांसाठी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या सर्रे, बर्कशर आणि हॅम्पशरमधल्या माळांसाठी, काढलेली वाट जास्त शहाणपणाची वाटते. हे माळ, सगळे मिळून आठ हजार हेक्टरांहून थोडे जास्त, २००५ मध्ये पक्ष्यांसाठी विशेष संरक्षित ठरले. भोवती घरांची मागणी प्रचंड. तेव्हा असं ठरलं की माळापासून पाच किलोमीटरच्या आत नवी घरं बांधायची तर दर हजार नव्या रहिवाशांमागे आठ हेक्टर पर्यायी मोकळी जागा करून द्यायची. ही जागा कशी असावी, हे कुत्रेवाल्यांना काय हवं असतं ते पाहून ठरवलं. जवळ गाडीतळ हवा, निघालो तिथेच परत आणणारी अडीच किलोमीटरच्या आसपासची वाट हवी, आणि कुत्र्याला पट्टा काढून निर्धास्त पळू देता यायला हवं. कुत्र्याला रातव्याच्या माळाचीच ओढ असते असं थोडंच आहे? त्याला पळायला आणि हुंगायला मिळालं की झालं.

माळापासून ४०० मीटरच्या आत मात्र पर्यायी जागा दिली तरी नवं घर साधारणपणे बांधू देत नाहीत. दारातून निघून पाच मिनिटांत माळावर पोहोचता येत असेल, तर गाडी काढून कोणी दुसरीकडे जाणार नाही. शिवाय इतक्या अंतरावरून मांजरंही रात्री माळावर येतात आणि त्यांना पट्ट्यावर कोणी ठेवू शकत नाही.