पारदर्शकता

एखाद्या पदार्थातून प्रकाश फारसा न अडता, न विखुरता आरपार गेला आणि पलीकडची वस्तू स्पष्ट दिसली की त्या पदार्थाला पारदर्शक म्हणतात. शाळेत पारदर्शक, अर्धपारदर्शक आणि अपारदर्शक असे तीन कप्पे शिकवतात, काच पहिल्यात, बटर पेपर दुसऱ्यात, लाकूड तिसऱ्यात, आणि पाठ करून आपण मोकळे होतो. हे कप्पे तसे कच्चेच आहेत. प्रकाशाचा रंग बदलला, जाडी बदलली किंवा नुसता पृष्ठभाग खरबरीत झाला तरी तोच पदार्थ एका कप्प्यातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतो.

प्रकाश पदार्थावर पडला की चार गोष्टी होतात, आणि बहुतेक वेळा चारही थोड्याथोड्या होतात: काही प्रकाश परत फिरतो (परावर्तन), काही दिशा बदलून आत शिरतो (अपवर्तन), काही आत जिरतो (शोषण) आणि काही इकडेतिकडे उधळला जातो (विकिरण). साध्या काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशातला साधारण ४% पुढच्या बाजूवरून आणि जवळपास तेवढाच मागच्या बाजूवरून परत येतो, म्हणजे खिडकीची काच कितीही घासूनपुसून ठेवा, ती ९२% च्या आसपासच पुढे सोडणार. रात्री लाइट लावून खिडकीत बघितलं की आपलंच तोंड दिसतं ते या परत आलेल्या ८% मुळे. दिवसा पण ते असतंच, फक्त बाहेरच्या उजेडापुढे त्याचा टिकाव लागत नाही.

आत काय होतं

सगळा खेळ इलेक्ट्रॉनचा. आपल्याला दिसतो तो प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, त्याच्या एका फोटॉनची (म्हणजे प्रकाशाच्या सगळ्यात छोट्या पुडक्याची) ऊर्जा साधारण १.८ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं अगदी छोटं एकक). शुद्ध सिलिका काचेतल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उडी मारायला ९ च्या आसपास लागतात, हिऱ्यात ५.५ लागतात, म्हणजे दृश्य प्रकाशाची ऊर्जा तिथे कमीच पडते, तो शोषलाच जात नाही आणि निघून जातो. सिलिकॉनला १.१ पुरतात म्हणून ते आपल्या डोळ्यांना अपारदर्शक. हिरा आणि पेन्सिलीतलं ग्राफाइट दोन्ही कार्बनच, पण ग्राफाइटमध्ये इलेक्ट्रॉन बरेच मोकळे असल्याने ते काळं. धातूत तर मोकळ्या इलेक्ट्रॉनची गर्दीच असते, ते प्रकाशाला आत फार शिरू देत नाहीत, परत पाठवतात, म्हणून चकाकी. तरी सोन्याचा पत्रा ठोकून ठोकून पुरेसा पातळ केला की त्यातून हिरवट उजेड पलीकडे येतो.

खिडकीच्या काचेचा तुकडा कडेने बघा, हिरवा दिसेल. समोरून काही मिलिमीटर काच असते, कडेने बघताना तेच अंतर काही सेंटिमीटर होतं आणि काचेत मिसळलेल्या लोहाच्या अंशाने जो थोडा लाल भाग शोषलेला असतो तो मग जाणवायला लागतो.

कुठल्या प्रकाशाला पारदर्शक?

नुसतं "पारदर्शक" म्हणणं तसं अर्धवटच आहे. साधी काच सनबर्न करणारे अतिनील किरण बऱ्यापैकी अडवते, आणि गरम वस्तूंमधून निघणारे लांब अवरक्त किरण तर जवळजवळ सगळेच, त्यामुळे थर्मल कॅमेऱ्यासमोर माणूस काचेमागे उभा राहिला तर दिसतच नाही. उलट कचऱ्याची काळी पिशवी डोक्यावरून घेतली तरी चेहरा दिसतो! अशा कॅमेऱ्याची लेन्स बरेचदा जर्मेनियमची असते, जी आपल्याला स्टीलच्या तुकड्यासारखी राखाडी, चकचकीत दिसते.

पाण्याचंही तेच. पेल्यात ते बिनरंगी, पण ७०० नॅनोमीटरचा लाल प्रकाश मीटरभर पाण्यातच जवळपास निम्मा होतो, निळा मात्र खूप खोल जातो. समुद्र निळा दिसतो तो फक्त आकाशाचं प्रतिबिंब म्हणून, असा समज पूर्वी प्रचलित होता. सी. व्ही. रामन १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतत असताना त्यांनी निकोल प्रिझम (पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश अडवू शकणारा स्फटिक) लावून पृष्ठभागावरची चमक काढून टाकली तरी निळा रंग राहिलाच, म्हणजे तो पाण्यातूनच येत होता. याबद्दलचं टिपण त्यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच लिहून पाठवलं, आणि पुढे १९२८ च्या रामन परिणामापर्यंत (पदार्थातून उधळलेल्या प्रकाशातल्या थोड्या भागाचा रंग बदलतो, या शोधापर्यंत) हाच धागा गेला.

खडीसाखर आणि पिठीसाखर

खडीसाखरेचा खडा बऱ्यापैकी आरपार दिसतो, तोच मिक्सरमध्ये फिरवला की पांढरीशुभ्र पिठीसाखर. रसायन तेच, शोषण पण तेवढंच. फरक एवढाच की आता हवा आणि साखर यांच्या लाखो सीमा तयार झाल्या, प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश वळतो, थोडा परततो आणि शेवटी सगळे रंग सारखेच उधळून बाहेर येतात. बर्फाची स्वच्छ लादी किसली की गोळा पांढरा होतो तोही असाच, आणि सरबत ओतलं की तो भाग काचेसारखा होतो कारण फटीतली हवा जाऊन तिथे बर्फाच्या जवळपास अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचा आकडा) असलेलं पाणी येतं (बर्फ १.३१, पाणी १.३३).

वडापावच्या कागदावरचा तेलाचा डाग हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण, आणि पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा त्यातूनच जास्त कळतं असं मला वाटतं. कागदाच्या तंतूंचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, हवेचा १, तेलाचा साधारण १.४७. तेल फटीत शिरलं की तंतू आणि भोवताल यातला फरकच उरत नाही, प्रकाश वळायचा थांबतो आणि डागातून पलीकडचं दिसायला लागतं. ऑफिसच्या दाणेदार काचेवर खरबरीत बाजूने सेलोटेप दाबून चिकटवली तर तेवढ्या पट्टीतून आतलं दिसतं, कारण टेपचा गोंद खाचा भरतो. (ज्यांची केबिन आहे त्यांनी गुळगुळीत बाजू बाहेर ठेवावी.)

डोळ्यात हेच उलट होतं. भिंगातली प्रथिनं एरवी इतकी नीट पसरलेली असतात की प्रकाश उधळत नाही, त्यांच्या गुठळ्या व्हायला लागल्या की विकिरण वाढतं आणि त्यालाच मोतीबिंदू म्हणतात.

आपली कातडी अपारदर्शक आहे ती पण मुख्यतः विकिरणामुळे, पेशींमधलं पाणी आणि त्यातली चरबी-प्रथिनं यांच्या अपवर्तनांकांत तफावत असते म्हणून. २०२४ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टार्ट्राझीन हा खाण्याचा पिवळा रंग पाण्यात कालवून जिवंत उंदराच्या कातडीला चोळला. हा रंग निळा प्रकाश जोरात शोषतो आणि त्यामुळेच लाल प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढवतो, तफावत कमी होते. काही मिनिटांत पोटाच्या कातडीतून आतड्यांची हालचाल दिसायला लागली, आणि रंग धुतल्यावर कातडी परत पहिल्यासारखी झाली.