सुपरमॅनचा ‘पहिला अंक’ मागवण्यापूर्वी
(जुनी आणि पुनर्मुद्रित कॉमिक्स घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे परत येणाऱ्या पार्सलांत एकाच अंकाचा नंबर कायम वर असतो. तक्रारही ठरलेली: ‘पानं कमी आहेत.’ एका काकांनी तर सोबत चिठ्ठीच जोडली होती. ‘क्रिप्टॉन कुठे आहे? शेतकरी आईवडील कुठे आहेत? हा तर उडतसुद्धा नाही. पैसे परत करावेत.’ काकांनी अंक अगदी बारकाईने वाचला होता. अंकही पूर्ण होता.

घोळ ‘पहिला’ या शब्दाचा आहे. ‘सुपरमॅनचा पहिला द्या’ एवढंच सांगून फोन ठेवला, की आम्ही अ‍ॅक्शन कॉमिक्स या मासिकाच्या अंक १ चं पुनर्मुद्रण पाठवतो, कारण पहिला तोच. मुखपृष्ठावर जून १९३८, आणि हिरवी मोटार डोक्यावर उचलून आपटणारा आपला माणूस. क्लीव्हलंडमधला जेरी सीगल लिहायचा आणि त्याचा जोडीदार जो शूस्टर चित्रं काढायचा. तेरा पानांचे १३० डॉलर मिळाले आणि त्यातच या पात्रावरचे हक्कही गेले.

आता त्यातली जन्मकथा. ती सगळी एका पानात उरकली आहे. दूरचा एक ग्रह म्हातारपणाने नष्ट होतो, आणि त्या ग्रहाला नावच नाही. एक शास्त्रज्ञ बाळाला घाईघाईत यानात घालून पृथ्वीकडे सोडतो. रस्त्याने जाणारा कुणी मोटारवाला ते बाळ उचलतो आणि अनाथाश्रमात नेऊन देतो. तिथे पोरगं भलीमोठी खुर्ची डोक्यावर धरतं आणि आश्रमातली मंडळी तोंडात बोटं घालतात. मोठेपणी तो उडत नाही, उडी मारतो: एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण दोनशे मीटर. एवढी ताकद आली कुठून, याचा खुलासा त्याच पानाच्या तळाशी आहे. मुंगी स्वतःच्या शेकडोपट ओझं पेलते, नाकतोडा केवढी उडी घेतो, तसंच हे. पुढच्या कथांत ही ताकद पिवळ्या सूर्यामुळे येते, पण इथे त्याचा उल्लेखही नाही. आमच्या मते हे पान सगळ्यात गोड आहे, पण चित्रपट पाहून आलेल्या माणसाला ते अर्धवट वाटणार, हेही मान्य.

क्रिप्टॉन, म्हणजे त्याचा जन्मग्रह, हवा असेल तर १९३९ मागा. त्या जानेवारीत वर्तमानपत्रात रोजची स्ट्रिप (चित्रपट्टी) सुरू झाली आणि ग्रहाला नाव मिळालं. आईबाप कोण, ग्रह कसा फुटला, हे तिथे ऐसपैस आहे. बाळाला वाढवणारं केंट दांपत्य हवं असेल तर त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातला ‘सुपरमॅन’ अंक १ मागा. हा अ‍ॅक्शनच्या अंक १ पेक्षा वेगळा अंक आहे. दोघांवरही ‘१’ असल्यामुळे सगळ्यात जास्त पार्सलं इथेच फिरतात.

गंमत म्हणजे वाचकाला क्रिप्टॉन ठाऊक होता, पण खुद्द सुपरमॅनला कॉमिक्समध्ये स्वतःचं मूळ कळतं ते १९४९ साली, ‘सुपरमॅन’च्या अंक ६१ मध्ये. त्याला दुबळा करणारा क्रिप्टोनाइट हा दगडही कॉमिक्समध्ये तिथेच पहिल्यांदा येतो, आणि तो लाल रंगाचा आहे! (छपाईची चूक नाही. हा अंकही परत आलेला आहे.) क्रिप्टोनाइट मुळात रेडिओवरच्या मालिकेतून आला, १९४३ मध्ये.

आणि ज्यांना सलग, नीट सुरुवातीपासून गोष्ट वाचायची आहे, मुलांना द्यायची आहे, त्यांनी १९३८ च्या वाटेला जाऊच नये. जॉन बर्नची १९८६ ची सहा अंकांची ‘मॅन ऑफ स्टील’ घ्या. त्यात क्रिप्टॉन थंड, कोरडा, माणसं एकमेकांना शिवायलाही नाखूश. केंट आईबाबा मात्र क्लार्क (म्हणजे सुपरमॅन) मोठा झाल्यावरही हयात आणि प्रेमळ. दुकानात आम्ही नवख्या माणसाच्या हातात आधी हीच देतो. ती परत आल्याचं आठवत नाही.

म्हणून फोनवर आम्ही विचारतो: कुठलं वर्ष? वाचायला की संग्रहाला? आधी काय वाचलंय? काहींना ही उलटतपासणी वाटते. वाटू दे. परतीचं टपाल तुमच्याच खिशातून जातं, आणि पिशवीचं सील फोडलेला अंक आम्ही बदलून देत नाही. पुढच्या ग्राहकाला कोरा म्हणून तो कसा विकायचा?

विकायला येणाऱ्यांसाठीही दोन शब्द. २०२४ मध्ये अ‍ॅक्शन अंक १ ची एक प्रत लिलावात ६० लाख डॉलरला गेली. तेव्हापासून माळे झाडले जात आहेत. सापडते ती बहुधा १९७४ ची मोठ्या आकाराची प्रतिकृती. तिचं बाहेरचं वेगळं कव्हर गळून पडलं, की आतून थेट १९३८ चं मुखपृष्ठ निघतं, १० सेंट किमतीसकट. त्यामुळे छापील तारखेवर जाऊ नका. घरातला ए-फोर कागद वर ठेवा. खरा अंक त्याखाली पूर्ण झाकला जातो, प्रतिकृती चहूबाजूंनी बाहेर डोकावते. नेहमीच्या आकाराची प्रत असेल तर आत झटारा जादूगाराचीही गोष्ट आहे का बघा. एकट्या सुपरमॅनचीच गोष्ट असेल तर ती नंतर छापलेली पुस्तिका आहे.

प्रतिकृतीही आम्ही घेतो, रास्त भावात. फक्त येण्याआधी पाठपोट फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि फाटलेल्या कडेला कृपया सेलोटेप लावू नका. ती लावायला एक मिनिट लागतं, काढायला आमची अख्खी दुपार जाते, आणि तेवढे पैसे आम्ही भावातून वळते करतो.