डोळा कुठे आहे?

जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीच्या मुलांपुढे लिंबाची डहाळी धरली आणि म्हटलं, यातलं एक पान तोडा. (लिंब म्हणजे कडुनिंब, हे मराठवाड्यात सांगावं लागत नाही.) प्रत्येकाने बोटाएवढी एकेक हिरवी पाती तोडली. पान कुणीच तोडलं नव्हतं.

पान कुठे सुरू होतं ते डोळ्यावरून कळतं. देठ फांदीला जुळतो त्या बेचक्यात एक बारीक कोंब दडलेला असतो. पुस्तकात तो कक्षमुकुल. मोसंबीच्या बागेत वाढलेल्या पोराला त्याची ओळख आधीच होती. "सर, जंबेरीवर डोळा बांधतेत, त्योच का ह्यो?" तोच, मोसंबीचं कलम करताना जंबेरीच्या खुंटावर बांधतात तो. लिंबाच्या सुट्या पात्यांच्या बुडाशी डोळा नसतो, म्हणून त्या नुसत्या पर्णिका. डोळा सापडतो लांब देठाच्या बुडाशी. म्हणजे वीत-दीड वीत लांबीचा तो सगळा पिसारा मिळून एक पान.

एवढं कळलं की लिंब आणि बकाण यांची गल्लत होत नाही. लिंबाचं पान एकदाच विभागलेलं, पर्णिका कोयत्यासारख्या वाकड्या. बकाणाचं दोनदा, कधी तीनदा विभागलेलं. फुलं लिंबाची पांढरी, बकाणाची जांभळट. बकाणाची गोल फळं पानगळीनंतरही झाडावर लटकत राहतात आणि ती विषारी असतात, तेव्हा हा फरक मुलांना ठाऊक असलेला बरा.

कुंपणाजवळच्या करंजाला मात्र ओळखीपेक्षा पकडीची गरज होती. ट्री गार्ड बांधताना गुंडाळलेली तार तशीच राहिली, खोड जाड होत गेलं आणि तार सालीत रुतली. तारेच्या वर फुगवटा, खाली खोड बारीक. पाणी लाकडातून वर चढतं. पानांनी तयार केलेली साखर सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते, आणि तार नेमकी तीच वाट आवळते. पाणी चालू असल्याने पानं बरेच दिवस हिरवी दिसतात, मुळं उपाशी राहतात. डाळिंबाची गुटी बांधताना आपण मुद्दाम हेच करतो. सालीचं कडं काढतो, अन्न वरच्या काठाशी अडतं, तिथून मुळं फुटतात.

तार कापली. खोडाने पार गिळलेला तुकडा ओढला नाही, ओढला की साल सोबत येते. आळंही खोडापासून दूर सरकवलं, कारण पाणी शोषणारी कोवळी मुळं बुंध्याशी नसतातच. काळी जमीन भेगाळली की ती तुटतात, म्हणून वर उसाचं पाचट अंथरलं.

निघताना एका मुलीने जुन्या लिंबात ठोकलेला घंटेचा हुक दाखवला. झाड वाढलं तसा हा वर का नाही गेला? झाड उंच होतं ते शेंड्याकडून, खोड फक्त जाड होतं. मुख्याध्यापक याच शाळेत शिकलेले. त्यांच्या लहानपणी तो हुक डोक्याच्या वर होता, आता छातीशी येतो, आणि सालीबाहेर जेमतेम बोटभर उरला आहे.