समुद्रात खांब ठोकताना

डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे 1991 साली जगातील पहिले सागरी पवनऊर्जा केंद्र सुरू झाले, तेव्हा तेथील 11 पवनचक्क्यांची एकत्रित क्षमता जेमतेम 5 मेगावॉट होती. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून 130 किलोमीटरहून अधिक दूर, उत्तर समुद्रातील डॉगर बँक या उथळ पट्ट्यात आता एकेक पवनचक्कीच 13 मेगावॉटची बसवली जाते. छायाचित्रांत नजरेत भरतात ती तिची 107 मीटर लांबीची पाती; बांधणाऱ्यांचा कस मात्र पाण्याखाली लागतो.

अशा समुद्रात पाया म्हणून बहुधा पोलादाची एकच अजस्र नळी तळात रोवतात. तिचा व्यास 8 ते 10 मीटर आणि वजन हजार टनांच्या पुढे असू शकते. जहाजावरची क्रेन ती उभी करते, भला मोठा चिमटा तिला ओळंब्यात धरून ठेवतो आणि वरून हायड्रॉलिक हातोड्याचे घाव पडू लागतात. हा ओळंबा नुसता अर्ध्या अंशाने चुकला, तरी 100 मीटर उंचीवर खांब 87 सेंटीमीटर कललेला असतो, त्यामुळे येथे गवंड्याइतकीच काटेकोर नजर लागते.

प्रत्येक घावाबरोबर नळी थरथरते आणि तो आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने पसरतो. उत्तर समुद्रातील पॉरपॉइज हा डॉल्फिनचा छोटा भाऊबंद प्रतिध्वनी ऐकूनच मासे शोधतो. त्याचे कान बधिर झाले, तर त्याची उपासमार ठरलेली. म्हणून पहिले घाव हलके घालतात, जेणेकरून त्याला दूर जायला अवधी मिळावा. जर्मनीत तर खांबापासून 750 मीटरवर एका घावाचा आवाज 160 डेसिबलच्या आत राहिलाच पाहिजे, असे बंधन आहे. (पाण्यातील डेसिबल वेगळ्या संदर्भदाबावर मोजतात, त्यामुळे या आकड्याची तुलना रस्त्यावरच्या भोंग्याशी करू नये.)

यावरचा उपाय मला फार आवडतो. खांबाभोवती तळावर सच्छिद्र नळीचे मोठे कडे टाकून तिच्यात कॉम्प्रेसरने हवा सोडतात आणि बुडबुड्यांचा पडदा पृष्ठभागापर्यंत उभा राहतो. पाणी जवळपास दाबले जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते; त्यामुळे ध्वनिलहरी या पडद्यावर परावर्तित होतात, विखुरतात, काही प्रमाणात शोषल्याही जातात. तरीही प्रवाह जोराचा असला, की पडदा कलतो, आणि काही आवाज जमिनीतून जाऊन कड्याबाहेर पुन्हा वर येतो.

खांब रोवून झाला, की समुद्र आपले काम सुरू करतो. पुळणीवर उभे राहिले असता परतणारी लाट पायाभोवतीची वाळू उकरून नेते, तसाच प्रवाह खांबाच्या बुडाशी खड्डा पाडतो. तो रोखण्यासाठी तेथे दगडांची रास टाकतात. काही काळाने त्या दगडांवर शिंपले चिकटतात आणि फटींत खेकडे राहायला येतात.