गावात जवानाचं स्मारक उभारायचंय? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

स्मारकाची घोषणा बहुतेक वेळा अंत्यविधीच्या दिवशीच होते. पुढारी शब्द देतात, तरुण मंडळ वर्गणी काढतं, महिन्याभरात पाथरवटाला इसारही जातो. फाईल मात्र कुणी तयार करत नाही. पुढे एखाद्याचा तक्रारअर्ज पडतो आणि अर्धा चौथरा तसाच राहतो.

आधी ठरवा, पुतळा की नुसता स्मृतिस्तंभ. पुतळ्यासाठी सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय लागू होतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती परवानगी देते. त्याआधी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांचा ना हरकत दाखला आणि देखभालीचं हमीपत्र जोडावं लागतं. स्तंभाला मातीच्या नमुन्याची भानगड नाही, खर्चही कमी. माझं मत विचाराल तर स्तंभच करा. पुतळ्याचा चेहरा बिघडला, तर त्या घरातल्या माणसांना येता-जाता तोच बघावा लागतो.

जागा चौकातली नको. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर नव्या पुतळ्याला किंवा बांधकामाला परवानगी देता येत नाही. गायरानाच्याही नादी लागू नका. ग्रामपंचायतीच्या मालकीची, उताऱ्यावर तशी नोंद असलेली गावठाणातली जागा सगळ्यात सोपी. शाळेचं आवार हवं असेल तर शाळा ज्या संस्थेची, तिची लेखी संमती घ्या.

अर्ज ग्रामपंचायतीनं, नगरपरिषदेनं किंवा नोंदणीकृत संस्थेनं केलेला बरा. पाच-दहा जणांच्या सह्यांचं निवेदन फारसं पुढे सरकत नाही. गावात ग्रामसभेचा ठराव घ्या. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ठरावात जागेचा क्रमांक, मोजमाप, खर्च कुठून आणि देखभाल कुणाकडे, हे सगळं यायला हवं. खासदार निधी मात्र धरून चालू नका, त्यात स्मारकं बसत नाहीत.

आता जवानाचे कागद. लष्कराच्या दप्तरी ‘शहीद’ असा शब्द नाही. युद्धात किंवा लष्करी कारवाईत मृत्यू आला तर ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी नोंद होते, आजारपण किंवा साध्या अपघातातला मृत्यू ‘फिजिकल कॅज्युअल्टी’त जातो. कुटुंबाकडे या नोंदीचं पत्र नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून मागवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला. सोबत मृत्यू दाखला आणि वीरपत्नीचं संमतीपत्र. आईवडील हयात असतील तर त्यांचंही वेगळं घ्या. सून आणि सासू-सासरे यांच्यात बोलणं बंद असेल तर नेमकी इथेच फाईल अडते, आणि तो गुंता कोणतंही कार्यालय सोडवून देत नाही.

कोरायचा मजकूर सगळ्यात शेवटी उरकला जातो, आणि घोळ तिथेच होतो. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या इंग्रजी पाट्या अजून आहेत: या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावं नाहीत. आपल्या दगडावर नाव असणार, तेव्हा ते तरी बरोबर हवं. शेजारच्या एका गावात सेवा क्रमांकातला एक आकडा चुकला. तो घासून पुन्हा कोरला, तर तिथे खड्डा पडला; दिव्याचं तेल आता त्यातच साचतं. नाव, हुद्दा, क्रमांक, तुकडी आणि तारीख अभिलेख कार्यालयाच्या पत्रावरूनच उतरवा. वर चार सिंहांची राजमुद्रा कोरू नका, २००५ च्या कायद्यानं तिच्या वापरावर बंधन आहे. रेजिमेंटचं चिन्ह हवं असेल तर त्या रेजिमेंटच्या केंद्राला (रेजिमेंटल सेंटरला) आधी पत्र लिहा.

मजकूर मोठ्या अक्षरात कागदावर काढून घरी न्या, मोठ्यानं वाचून दाखवा, खाली घरच्यांची सही घ्या. पाथरवटाच्या हातात तोच कागद द्या.